बोटीची वेळ आणि नर्सबाईंचं घड्याळ

क्रूझला निघालेलं कुणीही भेटलं की मला एकच प्रश्न विचारतं. "तात्या, बोटीवाल्यांची टूर घ्यायची, का आपली आपण फिरायचं?"

हिंजवडीत नोकरी करणारी, आमच्या नांदे-चांद्याच्या नव्या इमारतींत राहणारी जोडपी संध्याकाळी मोबाइलवर नकाशे उघडून माझ्या ओट्यावर बसतात. मग मी गुडघेदुखी विसरतो. घरातून वाट्या मागवतो आणि जमिनीवर मांडतो. ही वाटी म्हणजे बंदर, ही म्हणजे किल्ला, हा चमचा म्हणजे मधला घाटरस्ता. आठ तासांत एक परकं शहर बघायचं आणि बोट सुटायच्या आत परत यायचं, ह्या खेळासारखी मजा दुसऱ्या कशात नाही. सत्तरी उलटली तरी बोलताना माझा आवाज चढतो. सून आतून म्हणते, "बाबा, जरा हळू. लोकांना वाटेल भांडण चाललंय."

पुण्याच्या एका लहान सहल कंपनीत मी एकवीस वर्षं सहल-व्यवस्थापक होतो. त्यातली शेवटची अकरा वर्षं फक्त क्रूझच्या सहली. त्या कामाबद्दल लिहा, असं ह्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं आणि मी हरखून बसलो लिहायला. पण लिहिता लिहिता एका ठिकाणी हात अडला. तिथे मी आठ वर्षं सांगत आलेली गोष्ट लिहायला निघालो होतो आणि ती खोटी आहे. तिच्यामुळे शेजारच्या नेरे गावच्या सुमन नर्सबाईंचं नाव तीन गावांत खराब झालं. ते आधी मला धुऊन काढायचं आहे. पण आमचा धंदा समजल्याशिवाय माझा अपराध समजणार नाही, म्हणून सुरुवात धंद्यापासून करतो.

बोट सकाळी बंदराला लागते आणि संध्याकाळी सुटते. मधल्या वेळात फिरायचे दोन मार्ग. पहिला बोटीवाल्यांच्या टूरचा. ती महाग असते. चाळीस माणसांच्या बसमध्ये बसायचं, मोत्यांच्या नाहीतर गालिच्यांच्या दुकानात तासभर काढायचा आणि मुख्य देवळापाशी वीस मिनिटं. पण त्या बसला उशीर झाला तर बोट थांबते. दुसरा मार्ग म्हणजे आपली गाडी करायची, मनात येईल तिथे उतरायचं, हवं ते खायचं. यात खर्च निम्मा आणि आनंद दुप्पट. फक्त उशीर झाला तर बोट थांबत नाही. हिंजवडीच्या चौकात रोज अडकणाऱ्या माणसाला याचा अर्थ जास्त फोडून सांगावा लागत नाही.

मी माझ्यापुरते नियम केले होते. ठिकाण चालत जाण्यासारखं असेल, किंवा तिकडे जायला दोन-तीन रस्ते असतील, तर आपलं आपण जायचं. ठिकाण लांब असेल आणि रस्ता एकच असेल, तर बोटीची टूर. दिवसाचा हिशेब उलटा मांडायचा, म्हणजे परतायची वेळ आधी ठरवायची आणि तिथून मागे मागे येत सकाळपर्यंत पोचायचं. सगळ्यांत लांबचं ठिकाण आधी बघायचं. जेवण धक्क्याजवळ आल्यावर. परतीच्या वाटेवर गाडी कशासाठीही थांबवायची नाही. प्रत्येकाच्या खिशात बोटीचं नाव आणि बंदरावरच्या एजंटाचा फोन लिहिलेली चिठ्ठी हवीच.

शेवटचा नियम सगळ्यांत मोठा. घड्याळ बोटीच्या वेळेवर लावायचं आणि मग त्याला हात लावायचा नाही. बोट देशोदेशी फिरते, काठावरची वेळ बदलते, पण सुटताना बोट स्वतःची वेळ बघते. सहलीच्या पहिल्या संध्याकाळी मी सगळ्यांना ओळीत बसवून घड्याळं लावून घ्यायचो. शाळेतल्या कवायतीसारखं.

गिऱ्हाइकं मात्र नियमात बसणारी नसत. आमच्या चांद्याचे बाळूअण्णा जमीन विकल्यापासून दरवर्षी परदेशात जात. बंदर दिसलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "तात्या, ह्ये सगळं मिळून किती गुंठं आसंल?" इटलीत एकदा त्यांनी उतरायलाच नकार दिला. "जेवनाचं पैशे बोटीवाल्याला भरल्यात. खाली जाऊन इकत कशाला खायाचं?" दिवसभर ते बोटीवर जेवले. चार वेळा. त्याच दिवशी बोटीच्या टूरची एक बस मोठ्या रस्त्यावर कोंडीत सापडली. बोट पाऊण तास थांबली. मी मात्र पाच जणांना घेऊन रेल्वेने गेलो होतो आणि त्या बसच्या कितीतरी आधी परतलो होतो. कठड्याला टेकून कॉफी पीत आम्ही त्या बसची वाट बघत होतो. तेव्हा जी ऐट वाटली, तिला तोड नाही. पुढे मी जे केलं, त्याची सुरुवात बहुतेक त्या ऐटीतच झाली.

आता आठ वर्षांपूर्वीची सहल. सिंगापूरहून फुकेतला जायचं आणि परत सिंगापूर. आमच्या पंचक्रोशीतली चोवीस माणसं. त्यांत पहिल्यांदाच सुमन नर्सबाई होत्या. ह्या बाईंनी तीस वर्षं आमच्या गावांत आणि डोंगरावरच्या वाड्यांत पायी फिरून लसी टोचल्या, बाळंतपणं केली. गावातल्या निम्म्या तरुणांना पहिल्यांदा हातात घेतलं ते ह्यांनी. सेकंदकाट्याचं, नाडी मोजायचं घड्याळ निवृत्तीनंतरही त्यांच्या मनगटावर असे. पेन्शन साठवून त्या निघाल्या होत्या, एकाच गोष्टीसाठी. फुकेतला चलाँग नावाच्या भागात मोठं बुद्धमंदिर आहे. तिथल्या स्तूपात बुद्धांच्या अस्थींचा अंश आहे असं सांगतात. विहारातल्या कुणीतरी त्यांना फोटो दाखवला होता.

"तात्या, बाकी काय बी न्हाई दावलं तरी चालंल," त्या निघण्याआधीच मला म्हणाल्या होत्या. "पण तितं मला निवांत बसायचंय. पळत पळत न्हाई."

बोटीच्या टूरमध्ये ते मंदिर होतं, पण वीस मिनिटं, आणि पुढे रत्नांच्या दुकानात तासभर. फुकेतला बोट धक्क्याला लागत नाही. समुद्रात नांगर टाकते आणि लहान होड्यांनी माणसं किनाऱ्यावर ने-आण करते. मंदिर पाऊण तासावर आणि रस्ता घाटाचा. माझ्या नियमाप्रमाणे उत्तर सरळ होतं, बोटीची टूर. पण बाईंचं ते "निवांत" मनात बसलं होतं. मी म्हणालो, "आपण आपली गाडी करू." आणखी चार जण तयार झाले. त्यांत बाळूअण्णाही होते. त्यांच्या पत्नी आणि बाकीचे अठरा जण बोटीच्या दुसऱ्या एका टूरने जवळच्या लहान बेटावर गेले.

इथेच हे सांगायला हवं की गाडी करण्याचा निर्णय चुकला नव्हता. तो दिवस माझ्या सगळ्या सहलींतला सुंदर दिवस होता.

परतीची शेवटची होडी बोटीच्या घड्याळाने पाचला होती. मी ठरवलं, मंदिरातून पावणेतीनला निघायचं, साडेतीनला किनाऱ्यावर. त्या सहलीआधी मुलाने मला नवा मोबाइल दिला होता. तो मिरवायचा म्हणून मी मनगटी घड्याळ बोटीवरच्या खोलीत ठेवून आलो. किनाऱ्यावर उतरताच नकाशा दिसावा म्हणून तिथलं सिम घातलं. मोबाइलने आपणहून तिथली वेळ धरली. ती बोटीच्या वेळेच्या एक तास मागे होती. चोवीस माणसांची घड्याळं लावून घेणाऱ्या माणसाला हे कळलं नाही.

मंदिरात बाई पाऊण तास स्तूपापाशी बसल्या. हालचाल नाही, बोलणं नाही. बाहेर आल्या तेव्हा चेहरा असा काही उजळला होता की बाळूअण्णासुद्धा गुंठे विसरले. अंगणात विटांची भट्टीसारखी घुमटी होती. मनासारखं झालं की तिथली माणसं तीत फटाक्यांची माळ लावतात. बाईंनी एक माळ घेतली.

बाळूअण्णांनी विचारलं, "बाई, नवस बोलला व्हता का?"

"नवस-बिवस आमच्यात न्हाई अण्णा. आनंद झाला म्हनून वाजवते. आनंदाला कशाला नवस लागतोय?"

माळ अशी कडाडली की अण्णांनी टोपी धरली आणि लगेच पोरासारखे हसायला लागले. "मलाबी एक द्या!" एकाच्या दोन माळा झाल्या. सगळं मिळून दहा मिनिटं.

धूर विरला. बाईंनी मनगटाकडे पाहिलं. "तात्या, साडेतीन झालं की. निघायचं ना?"

मी मोबाइल पाहिला. "अडीच वाजलेत, बाई. तुमचं घड्याळ तासभर पुढे पळतंय."

"असं कसं? बोटीवर तुमीच लावून घेतलं न्हवं?"

"अहो, मोबाइल कधी चुकतो का?" मी सगळ्यांसमोर हसून म्हणालो. बाकीचेही हसले. ज्या घड्याळावर तीस वर्षं लोकांच्या नाड्या मोजल्या गेल्या, ते मी एका वाक्यात खोटं पाडलं.

पावणेतीनला, म्हणजे माझ्या पावणेतीनला, आम्ही निघालो. वेळ हातात आहे म्हणून मी आणखी एक नियम मोडला. घाटात एका वळणावर गाडी थांबवली आणि सगळ्यांना शहाळी पाजली. खाली निळ्या समुद्रात आमची पांढरीशुभ्र बोट उभी होती. तिच्याकडे लहान होड्या एकामागून एक परत चालल्या होत्या. मी म्हणालो, "बघा, लोक किती घाबरट असतात. एवढ्यात निघाले परत." चाळीस मिनिटं आम्ही तिथे फोटो काढले. बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं.

किनाऱ्यावर पोचलो तर बोटीवाल्यांची छत्री नव्हती, टेबल नव्हतं, होडी नव्हती. तिथल्या एका माणसाने समुद्राकडे बोट दाखवलं. शेवटची होडी वर ओढून घेत होते.

मग जी धावपळ झाली! मी एका मोटारहोडीवाल्याला हातानेच समजावलं आणि आम्ही सहा जण गुडघाभर पाण्यातून धावत तीत चढलो. लाटांवर आपटत, भिजत, ओरडत आम्ही बोटीपर्यंत पोचलोसुद्धा. एवढी मोठी बोट खालून दहा मजली इमारतीसारखी दिसते. दार बंद झालं होतं. वरून खलाशी दोन्ही हात हलवून नाही म्हणत होता. त्याच्याही वर आमचीच माणसं कठड्याला टेकली होती आणि मजेत हात हलवत होती. आम्ही गंमत म्हणून होडीतून फेरी मारतोय असं त्यांना वाटलं. बाळूअण्णा टोपी काढून ओरडले, "आगं शकुंतला, थांबीव की तिला!" शकुंतलावहिनींनी खालून वर पाहणाऱ्या नवऱ्याचा फोटो काढला.

बोट वळली आणि गेली.

होडी परत फिरली. अण्णांनी विचारलं, "तात्या, झालं काय नक्की?"

मी मोबाइल पाहिला. चार पस्तीस. बाईंच्या मनगटाकडे पाहिलं. पाच पस्तीस. त्या क्षणी सगळं समजलं. पाचही चेहरे माझ्याकडे वळले होते. आणि मी म्हणालो, "काय होणार? बाईंच्या फटाक्यांनी वेळ खाल्ला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि तो हात पदराखाली घेतला.

पुढचं सोपं होतं. चुकलेल्या प्रवाशांचे पासपोर्ट बोटीवाले बंदरावरच्या एजंटाकडे ठेवून जातात. ते आम्हाला मिळाले. दुसऱ्या दिवशी विमानाने सिंगापूरला पोचून आम्ही बोटीची वाट बघत धक्क्यावर उभे होतो. पण आमच्याआधी गोष्ट पोचली होती, कारण अण्णांनी फोनवर बायकोला सांगितलं होतं. गावी येईपर्यंत ती आणखी वाढली. "त्यांच्या देवळापायी आमची बोट चुकली." त्यांच्या, ह्या शब्दात काय काय होतं ते आमच्या गावातल्या माणसाला समजवावं लागत नाही. तो शब्द मी रोज ऐकला आणि एकदाही अडवला नाही. कंपनीला दिलेल्या अहवालात मी लिहिलं, "एका प्रवाशाने मंदिरात जादा वेळ घेतला." माझी नोकरी राहिली. आणखी तीन वर्षं मी दिमाखात घड्याळं लावून घेत फिरलो.

नर्सबाई पुन्हा कुठल्याच सहलीला आल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी नाव दिलं होतं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "बाई येनार आसतील तर आमचं नाव काढा." त्यांनी स्वतःच नाव मागे घेतलं. आमच्या नांद्याच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर येणंही बंद केलं.

हा लेख लिहिताना मी सवयीने "एका बाईंच्या फटाक्यांमुळे" इथपर्यंत आलो आणि पेन ठेवलं. रिक्षा करून नेऱ्याला गेलो.

"जय भीम, बाई."

"जय भीम. या तात्या. आठ वर्षांनी नेरं सापडलं व्हय?"

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. मोबाइल, सिम, घाटातली चाळीस मिनिटं, आणि हा अर्धवट राहिलेला लेख. त्या शेंगा सोलत ऐकत होत्या. हात थांबला नाही.

"मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"होडीत बसल्यापासनं. पण मनात शंका नको म्हनून घड्याळ पौडला दुरुस्तीवाल्याला दावलं. त्यो म्हनला, बाई, ठणठणीत हाय, कशाला आणलं?"

"मग बोलला का नाहीत?"

"मंदिरात बोलले व्हते की. तुमी ऐकलं व्हतं का?"

बाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "पुस्तकात छापा, खुशाल छापा. पण आपल्या कट्ट्यावर दिवाळी अंक कोन वाचतोय? तितं मोठ्यांदा वाचा. मी येते ऐकायला."

हा शेवटचा भाग त्यानंतर जोडला आहे.

रविवारी सकाळी मी कट्ट्यावर उभा राहिलो. होडीतल्या पाचांपैकी एक आता नाही, बाकीचे सगळे होते. आणखी वीसेक माणसं. बाई पुढच्या बाकावर बसल्या होत्या. इथपर्यंतचा लेख मी वाचून काढला.

वाचून झालं. मग बाळूअण्णा काठी टेकत उठले. चेहरा लाल झाला होता.

"म्हंजी आठ वर्सं आमी बाईंला उगाच बोललो?"

"हो, अण्णा."

"तात्या, तू लई हलकट मानूस हायेस." ते बाईंकडे वळले. हात जोडले. "बाई, दुसरी माळ मी लावली व्हती. सगळ्यात जास्त हसलो बी मीच. आन् घरी यून नाव तुमचं सांगितलं. माझं चुकलं." बोलता बोलता त्यांना धाप लागली.

"आधी खाली बसा अण्णा. हात द्या हिकडं."

बाईंनी त्यांची नाडी धरली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. पूर्ण एक मिनिट. सेकंदकाटा फिरत होता आणि कट्ट्यावरची सगळी माणसं त्याच घड्याळाकडे बघत होती. ते बरोबर आहे का, हे कुणीही विचारलं नाही.

"शंभराला चार कमी," बाई म्हणाल्या. "आज भजी न्हाई खायाची." कट्टा हसला आणि अण्णाही हसले.

मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. "तात्या, श्रीलंकेला बोट जाती म्हनं. कोलंबोला नऊ तास थांबती. तितलं केलनियाचं बुद्धमंदिर बंदरापासनं किती लांब? बोटीची टूर घ्यायची का आपली आपन जायचं?"

माझी गुडघेदुखी कुठे पळाली कोण जाणे. कट्ट्यावर वाट्या नव्हत्या म्हणून मी खाली बसून खडे मांडले. हे बंदर, हे मंदिर. "लांब नाही, बाई. रस्तेही दोन-तीन आहेत. आपली आपण जाऊ. तिथे निवांत बसता येईल." अण्णा वरून म्हणाले, "मंदिर किती गुंठ्यात हाय?" आणखी चार डोकी खड्यांवर वाकली. मी परतीच्या वेळेपासून उलटा हिशेब मांडायला घेतला आणि थांबलो.

"बाई, मंदिरातून कधी निघायचं?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मनात काहीतरी मोजलं आणि वेळ सांगितली.

मी ती लिहून घेतली.